कान्हेरीत मूर्ती सोडून पन्हळी बघत फिरलो (नॅशनल पार्कातला एक दिवस)

आडवाटेचा | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.४०

बोरिवलीच्या नॅशनल पार्कावर इथे आधीही धागे येऊन गेलेत, आणि सगळे शेवटी दोनच प्रश्नांवर येतात. बिबट्या दिसला का, आणि मिनी ट्रेन सुरू झाली का? उत्तरं आधीच देऊन टाकतो: नाही आणि नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वनराणीच्या रुळांची वाट लागली, तेव्हापासून आम्ही गेलो तोवर तरी ती बंदच होती.

आता मुद्द्याचं. काल शनिवारी मी आणि माझा कॉलेजचा मित्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पार्कात होतो. हा मित्र ठाण्याचा, आणि पोटापाण्यासाठी मोठमोठ्या इमारतींच्या पाइपलाइनी आखतो. त्याच्याबरोबर कुठेही जा, देऊळ असो की किल्ला, सगळं जग वर बघत असतं आणि हा खाली. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे तुंबतं. पूर्वी वैताग यायचा. काल मात्र त्याच्या डोळ्यांनी पार्क बघितलं आणि लहानपणापासून पाहिलेली जागा नवीन वाटली, म्हणून हा धागा.

मेट्रोच्या ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकावर भेटलो. पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडचा नागला, पूर्वेला ठाण्याचं येऊर आणि मुलुंड-भांडुप, दक्षिणेला आरे आणि विहार तलाव. त्यातलं आपण बघतो ते गेटपासूनचं दीड-दोन किलोमीटर. शनिवारी सकाळी तिथे चालणारे, हसण्याचे क्लब, प्री-वेडिंगवाले, बॅडमिंटन, सगळं असतं. त्याबद्दल तक्रार नाही, पण लिहिण्यासारखंही काही नाही.

गेटातून आत गेल्यावर जी नदी लागते, ती दहिसर नदी. मी तिला आजवर नाला समजणाऱ्यांशी भांडत आलोय. मित्र पुलावर थांबला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “तळ दिसतोय रे.” खरंच दिसत होता. वाळू, गोटे, बोटभर लांबीचे मासे. ही नदी तुळशी तलावाच्या खालून निघते आणि पार्काबाहेर पडेपर्यंत अशीच असते. हायवे ओलांडला की पुढचं आपल्याला माहीतच आहे. एकच नदी, मधे फक्त एक भिंत.

सायकली भाड्याने घेतल्या. (ब्रेक तपासून घ्या. येताना सगळा उतार आहे.) कान्हेरीचा रस्ता सहा-सात किलोमीटर, चढ हळूहळू अंगावर येतो. दुतर्फा साग, ऐन, कुसुम, मधेच उंबर. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे ओढे अजून बोलत होते. मित्राचा नवरात्राचा उपवास होता. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. केळी किती वेळ टिकली ते माकडांना माहीत.

कान्हेरी म्हणजे एका डोंगरावर १०९ लेणी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे हजारेक वर्षं इथे राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बहुतेकांनी पाहिलेला असतो. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, कार्ल्याच्या वळणावर कोरलेला, व्हरांड्यात दोन टोकांना सात-सात मीटरचे उभे बुद्ध. ते आम्ही पाहिले. पण खरं सांगायचं तर मित्राने त्यांना दोन मिनिटं दिली आणि पुढचा पाऊण तास त्याने एका साध्या विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहत्या लेण्याच्या, ओट्यावर बसून काढला.

“वर बघ,” म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची सवय नसल्याने मी लगेच बघितलं. लेण्याच्या कपाळावर, दाराच्या बऱ्याच वर, कातळात एक तिरकी खाच. “डोंगरावरून वाहत येणारं पाणी दारात पडायला नको. पागोळ्या बाजूला नेल्यात. आता ती खाच कुठे जाते बघ.” खाच भिंतीच्या कडेने खाली उतरली, ओट्याच्या बाजूला वळली, एका उथळ खळग्यात आली, आणि तिथून एका चौकोनी तोंडात. खाली पोढी. काठोकाठ भरलेली.

पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. कान्हेरीत जवळपास प्रत्येक लेण्याला आपली पोढी आहे, कुठे दोन लेण्यांना एक. तोंड लहान, आत पोट मोठं. “तोंड लहान का?” मी विचारलं. “ऊन आत जायला नको. ऊन नाही तर शेवाळ कमी, वाफही कमी. आणि हा खळगा मधे कशाला? गाळ बसायला. माती इथे खाली बसते, वरचं पाणी पुढे जातं. अरे, मी हेच ड्रॉइंग काढून देतो लोकांना, आणि सोसायटीवाले पुढे त्यात मोडक्या खुर्च्या ठेवतात.” मुंबईत मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं २००२ पासून सक्तीचं आहे, हे त्याने सांगितलं. त्याचं पुढे काय होतं यावर तो जे बोलला ते उपवासाच्या दिवशी बोलायचं नसतं.

मग आमचा खेळच झाला. एकेका लेण्याची खाच पकडायची आणि पाण्यासारखं खाली उतरत जायचं. एकदा तसं फिरलात की लक्षात येतं, पायऱ्यासुद्धा पाणी बघून काढल्यात. पायऱ्यांच्या कडेला पन्हळ. वरच्या टाक्याचं ओसंडलेलं खालच्या टाक्याकडे. कुठेही पाणी नुसतं सोडून दिलेलं नाही.

वरच्या टप्प्यावर कारवी होती. आठ वर्षांनी फुलते, २०१६ नंतर यंदा. फुलोरा सरत आला होता, तरी उतारावर अजून जांभळी झाक होती. पुढची २०३२ ला.

तिथे बसून मित्राने विचारलं, “हे जंगल इथे राहिलं कसं? दोन्ही बाजूंना रेल्वे, मधे एवढी जमीन, आणि मुंबईने ती खाल्ली नाही?” मला वाटतं याचं उत्तरही पाणीच आहे. या डोंगरांच्या कुशीत विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. वाढत्या शहराला प्यायला पाणी हवं होतं, आणि पाणी स्वच्छ हवं तर वरच्या उतारांवर वस्ती, शेती, गोठे नकोत. पाणलोट राखून ठेवला म्हणून झाडं राहिली. राष्ट्रीय उद्यानाचा फलक फार नंतर लागला. आपण म्हणतो जंगलामुळे पाणी मिळतं. ते खरंच आहे, पण मुंबईत पाण्यामुळे जंगल मिळालं.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीयेत.

---

सोनचाफा | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१२

खूप आवडलं. पागोळ्या हा शब्द किती वर्षांनी वाचला! एक व्यवहारी प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत सात वर्षांची लेक आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई, दोघींना घेऊन जायचंय. जमेल का? सायकल अर्थातच नाही.

---

जुनी_बोरिवलीकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

आम्ही १९७४ साली बोरिवली पूर्वेला राहायला आलो. तेव्हा कोणी नॅशनल पार्क म्हणत नसे, ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणायचे. पावसाळ्यात रविवारी डबे घेऊन त्या नदीत पाय सोडून बसायचो. नदीचं पाणी आमच्या घरामागेही तेव्हा स्वच्छ होतं, हे माझ्या नातवंडांना खोटं वाटतं.

तुमच्या मित्राला सांगा, आमच्या बिल्डिंगच्या टाकीतही मोडक्या खुर्च्याच आहेत. शिवाय गणपतीच्या मंडपाचे बांबू.

---

शिळालेख | ६ ऑक्टोबर, रात्री ११.०५

उत्तम धागा. मूर्ती आणि शैली यांवर पानंच्या पानं लिहिली जातात, पाण्याची व्यवस्था तळटिपेत जाते. वास्तविक दान देणाऱ्यांना ती तळटीप वाटत नव्हती. कान्हेरीतल्या लेखांमध्ये लेणं दिलं, शेत दिलं, पैशाची कायम ठेव दिली यांच्या जोडीने ‘पाण्याची पोढी दिली’ अशी दानं स्वतंत्रपणे नोंदवलेली आहेत. एक पोढी कल्याणच्या सोनाराची आहे. सोपारा, कल्याण, चौल इथले व्यापारी आणि कारागीर हेच इथले मुख्य दाते. तुम्ही पाहिलेला तिसऱ्या लेण्याचा चैत्यसुद्धा दोन व्यापारी भावांनी करवून घेतलेला आहे, राजाने नव्हे. राजाचं नाव फक्त काळ सांगायला.

अजून एक. २०१५-१६ च्या सुमारास पार्काच्या हद्दीत आणखी सात लहान लेणी सापडल्याचं जाहीर झालं. त्यांना पोढ्या नाहीत, आणि म्हणूनच ती कान्हेरीच्याही आधीची, फक्त पावसाळ्यात वर्षावासापुरती वापरलेली असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. पावसाळ्यात टाकं कशाला हवं, दारात ओढा असतो. टाकं लागतं ते उरलेल्या आठ महिन्यांना. भिक्षू बारा महिने राहायला लागले तेव्हा डोंगर खोदायची गरज पडली. तुमच्या मित्राच्या निरीक्षणाला हे चपखल बसतं.

(जाता जाता: हे लेख बहुतांशी प्राकृतात आहेत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याच आठवड्यात तुम्ही तिच्या आजीकडे जाऊन आलात.)

---

निवांत | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

लेख छान, शेवटचा परिच्छेद मात्र जरा जास्तच गोड झालाय. तुळशीची क्षमता ८०४ कोटी लिटर, विहारची २,७७० कोटी. सातही तलाव मिळून १,४४,७३६ कोटी. म्हणजे हे दोन्ही मिळून अडीच टक्केसुद्धा नाहीत. मुंबईला रोज ३९० कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. तुळशी दोन दिवसांत संपेल, विहार आठवड्यात. आपलं पाणी भातसा आणि वैतरणेतून येतं, शहापूर-मोखाड्याच्या लोकांच्या उशाखालून, आणि त्यांच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ‘मुंबईला पाणी जंगल देतं’ म्हणताना कुठलं जंगल ते सांगा.

---

आडवाटेचा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

@सोनचाफा, आरामात जमेल, फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी पार्क आणि लेणी दोन्ही बंद. वरपर्यंत गाडीची सोय आहे का ते गेटवर आधी विचारा, सासूबाईंना चालत नेऊ नका. वर पोचल्यावर पहिलं, दुसरं, तिसरं आणि अकरावं ही लेणी खालच्या बाजूलाच आहेत, थोड्या पायऱ्या. अकराव्यात दोन लांबलचक दगडी बाकं आहेत, वेरूळच्या पाचव्या लेण्यासारखी. सासूबाईंना तिथे सावलीत बसवा आणि लेकीला एखादी खाच शोधायला लावा. हातात खाण्याची पिशवी दिसू देऊ नका. गेटच्या आसपास पाड्यांवरच्या बायका काकड्या, उकडलेल्या शेंगा वगैरे विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या, पण खाऊन मगच पुढे जा.

@शिळालेख, बिनपोढीच्या लेण्यांचं वाचून मित्राला फोन केला. तो खुश आहे, आता आठवडाभर ऐकवणार.

@निवांत, आकडे मान्य. भातसा-वैतरणेबद्दल तर शंभर टक्के मान्य, त्यावर वेगळा धागा हवा आणि तो तुम्ही काढा. पण मी आज मुंबई कशावर पाणी पिते ते लिहिलेलं नाही. १८६० साली जे लागलं त्यामुळे काय वाचलं, ते लिहिलंय. त्या काळी भातसा नव्हतं. तेव्हा विहार म्हणजेच शहराचं धरण. एकदा पाणलोट म्हणून राखलेली जमीन पुढे गरज अडीच टक्क्यांवर आली तरी राखलेलीच राहिली.

---

जुन्नरी | ७ ऑक्टोबर, दुपारी १.२०

पोढ्यांचा विषय निघालाय तर आमच्या जुन्नरला या. डोंगर बदलले तरी पद्धत तीच. नाणेघाटात वर चढून आलात की कातळातली टाकी आहेत, ट्रेकर लोक आजही त्यातलं पाणी भरतात. व्यापाराची वाट, कोकण आणि देश जोडणारी, आणि वाटेवर पाणी. कान्हेरी ही त्याच साखळीची समुद्राकडची कडी. कल्याणचा सोनार पोढी देतो त्यात नवल नाही, त्याचा माल याच घाटातून उतरत असणार.

बिबट्यांवर कोणीच कसं बोललं नाही? आमचा तो खास विषय.

---

जुनी_बोरिवलीकर | ७ ऑक्टोबर, दुपारी २.४५

बिबट्यांवर मी बोलते. २००४ चा जून विसरता येत नाही. एकामागून एक हल्ले झाले, माणसं गेली, संध्याकाळी सातनंतर आमच्या गल्लीत शुकशुकाट. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, पकडा आणि लांब नेऊन सोडा. यजमान तर अर्ज घेऊन सह्या गोळा करत होते.

---

जुन्नरी | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

काकू, तेच तर. २००१ पासून आमच्याकडे उसातले बिबटे शेकड्याने पकडले आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर काम केलं आणि दाखवून दिलं की असं केल्याने हल्ले कमी न होता वाढतात. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, आपल्या मुलखाकडे परत यायला बघतं. बोरिवलीच्या जंगलातही बाहेरून पकडलेले बिबटे सोडले गेले होते. ते थांबलं, कचरा आणि भटकी कुत्री यांवर बोलणं सुरू झालं, २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’च्या (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क, हेच) लोकांनी वस्त्यांत जाऊन समजावलं. २०१५ ला कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे निघाले. म्हणजे बिबटे हटले नाहीत, वागणं बदललं. दोन्हीकडचं.

---

येऊरवाला | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडे पाड्यांवर वाघोबाला नारळ फुटतो. त्यात बिबट्याही आला. वारली लोकांना हे ‘सहजीवन’ वगैरे कोणी शिकवायची गरज पडली नाही, अंधार पडायच्या आत पोरं घरात, शेळ्या आत, एवढंच.

आता जरा कडू बोलतो. सगळे बोरिवलीच्या गेटाकडूनच बघतायत. याच डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जाणार आहे, जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटर. जुलैत भूमिपूजन झालं. दक्षिणेला गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे जुळे बोगदे, ४.७ किलोमीटर. वर झाडं तोडावी लागणार नाहीत म्हणून बोगदा चांगला, असं सांगतात. पटतं मला, घोडबंदरवर रोज दोन तास घालवणारा माणूस आहे मी. पण मित्राला विचारा, कातळातल्या फटींतून पाणी झिरपतं, त्यावर झरे चालतात. खाली एवढी मोठी पोकळी पाडली तर वरचे झरे तसेच राहतात का?

---

आडवाटेचा | ७ ऑक्टोबर, रात्री ८.३०

विचारलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो:

“बेसाल्ट स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं ते त्याच्या सांध्यांमध्ये आणि दोन थरांच्या मधे. बोगदा असा सांधा कापतो तेव्हा पाणी बोगद्यात उतरतं. त्यासाठी आतून अस्तर करतात, ग्राउटिंग करतात, म्हणजे फटींत सिमेंट भरतात. नीट केलं तर गळती नगण्य. नीट केलं की नाही ते कळायला आधीची मोजमापं पाहिजेत. वरच्या झऱ्यांची, विहिरींची पातळी आजपासून दर महिन्याला लिहून ठेवली तरच उद्या भांडता येईल. येऊरच्या लोकांनी आपापल्या विहिरी मोजायला आजच सुरुवात करावी, दोरी आणि दगड पुरतो.”

---

येऊरवाला | ७ ऑक्टोबर, रात्री ८.५५

दोरी-दगडाचं आवडलं. उद्याच पाड्यावर सांगतो.

---

निवांत | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

१८६० चा मुद्दा मान्य. पण पुढे ‘जंगल पूर अडवतं’ असं कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. तेवढ्यापुढे कुठलंच जंगल पुरत नाही. विहार आणि पवई ओसंडले की ते पाणी मिठीत येतं, आणि मिठीच्या पात्रात आपण काय काय भरून ठेवलंय ते जंगलाच्या हातात नाही.

---

खारीचा_वाटा | ७ ऑक्टोबर, रात्री १०.००

मी अजून कान्हेरी पाहिलेली नाही, अंधेरीत राहून! वाखु (वाचनखूण) साठवली.

एक शंका. लेण्यांच्या भिंतींवर लोकांनी बदाम आणि नावं कोरून ठेवलेली असतात, ती बघून डोकं फिरतं. तिथे काही बंदोबस्त आहे का?

---

शिळालेख | ७ ऑक्टोबर, रात्री १०.४०

पहारेकरी आहेत, पण १०९ लेण्यांना पुरे पडणार कसे? कोरणं हा गुन्हा आहे, दिसलं तर तिथल्या तिथे टोका आणि पहारेकऱ्याला सांगा.

तरी एक गंमत ऐका. नव्वदाव्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी हे ठिकाण बघायला आली, त्यांनी तारखेसकट आपली नावं आणि बापाची नावं कोरून ठेवली. बाकी मजकूर जवळपास शून्य. आम्ही अमुक दिवशी इथे आलो होतो, एवढाच. आज आपण ते काचेत ठेवल्यासारखं जपतो, कारण पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशांचा इतका जुना आणि दिनांकित पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. अर्थात त्यांचं अक्षर बदामवाल्यांपेक्षा बरंच चांगलं आहे.

त्याच भागात सत्याऐंशीव्या क्रमांकाजवळ विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. इथे राहून इथेच देह ठेवलेल्या भिक्षूंची स्मारकं. फार कमी लोक तिथवर जातात.

---

आडवाटेचा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

नव्वद पाहिलं नाही, वेळ संपला. सत्याऐंशीला गेलो होतो. मित्र तिथे मात्र खाली-वर कुठेच न बघता गप्प उभा राहिला, आणि मग विचारलं, “हे एवढे लोक होते, तर रोज किती पाणी लागत असेल?” तो प्रश्न त्याच्या डोक्यातून गेलेला नाही. काल रात्री त्याने हिशेब पाठवला. आकडे अंदाजाचे आहेत, मोजपट्टी घेऊन कोणी गेलो नव्हतो, पण पद्धत बघा:

लेण्यावरचा कातळ १० मीटर लांब, १० मीटर रुंद धरा. पावसाळ्यात तिथे दोन मीटर पाऊस धरला, तर २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी त्या कातळावर पडतं. निम्मं वाया गेलं म्हणा, एक लाख उरलं. आता लेण्याशी निगडित दहा माणसं, माणशी रोज २० लिटर, कोरडे आठ महिने म्हणजे २४० दिवस. झाले ४८ हजार लिटर. त्यासाठी टाकं केवढं? चार मीटर लांब, चार रुंद, तीन खोल. बरोब्बर ४८ घनमीटर.

म्हणजे आणलेलं पाणी नाही, नळ नाही, डोंगराबाहेरचा एक थेंब नाही, आणि तरीही निम्म्याहून जास्त पाणी ओसंडून खालच्या लेण्याला.

---

निवांत | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

हिशेब पटला. पण माणशी २० लिटर? शहरासाठी नियमात १३५ धरतात. आमच्याकडे चिरंजीव दात घासतानाच २० लिटर संपवतात.

---

जुन्नरी | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

चिरंजीवांना दिवाळीत नाणेघाटात पाठवून द्या. टाक्यातून कळशी वर ओढायला लागली की पाचात आंघोळ जमते.

---

सोनचाफा | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

लेकीला हा हिशेब वाचून दाखवला. तिने विचारलं, भिक्षूंची संख्या वाढली तर काय करायचे? मी म्हटलं, आणखी एक टाकं खोदायचे. तर म्हणे, आणि पैसे?

---

शिळालेख | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

तिला म्हणावं, कल्याणला एक सोनार आहे.